हरकत जागेची की माणसांची?

एसटी स्टँडमागचा माळ व्यापारी संकुलाला आणि वाहनतळाला जाणार, हे आता ठरल्यातच जमा आहे. प्रश्न उरलाय तो त्या माळावरच्या भटक्या कुटुंबांच्या पालांचा. दिवाळी झाली की घाटावरून उतरणारी ही कुटुंबं पूर्वी मिरगाच्या आधी परत फिरायची. अलीकडे त्यातली बरीच पावसाळ्यातही इथेच तग धरून असतात. त्यांना हलवायला आमच्या नगरपालिकेने दोन जागा सुचवल्यात. एक शहरातलीच, मच्छी मार्केटच्या वरच्या अंगाची, विकास आराखड्यात उद्यानासाठी राखलेली. दुसरी शहराच्या हद्दीपलीकडे, सड्यावर म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, बंद पडलेल्या चिरेखाणीशेजारी. पहिल्या जागेचं आरक्षण बदलावं लागणार म्हणून हरकती-सूचना मागवल्या गेल्या आणि अर्जांचा खच पडला. दुसऱ्या जागेबद्दल एकही अर्ज नाही. मग काय, ‘सड्यावर कुणाची हरकत नाही ना, तिथेच न्या’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून सभागृहापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. माळ रिकामा करायला माझा विरोध नाही. तिथे धड पाणी नाही, आडोसा नाही, आणि रात्री मागे घेणाऱ्या गाड्यांच्या चाकांपासून पोरं वाचतात ती नशिबाने. पण पालं हलवायची तर शहरातच हलवली पाहिजेत, मार्केटच्या वरच्या भूखंडावर, आणि सड्याचा प्रस्ताव मुळातून रद्द झाला पाहिजे. जिथून हरकत आली नाही ती जागा योग्य, हा हिशेबच चुकीचा आहे. हरकत न येण्याचं कारण जागा चांगली असणं हे असू शकतं, तसं विचारलंच न जाणं हेही असू शकतं.

या विषयावर दोन्हीकडून जे बोललं जातंय ते ऐकून वैताग येतो. एका बाजूला ‘हे इथले नव्हेत’, ‘चोऱ्या वाढतील’, ‘संध्याकाळी लेकीबाळींनी जायचं कुठून’. दुसऱ्या बाजूला माणुसकीची भाषणं, पालासमोर उभं राहून काढलेले फोटो आणि हरकत घेणाऱ्या प्रत्येकाला निर्दयी ठरवण्याची घाई. नळ किती लागतील, मैला कुठे जाईल, शाळा किती लांब पडेल, यावर दोन्हीकडच्या भाषणबाजीत फारसं कुणी बोलत नाही. आणि कायद्याने नेमकं तेवढंच विचारलंय. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा तर सूचना प्रसिद्ध करून महिन्याभरात हरकती मागवाव्या लागतात, हरकतदारांना ऐकून घ्यावं लागतं आणि मग प्रस्ताव सरकारच्या मंजुरीला जातो. ही सुनावणी जमिनीच्या वापराची असते. तिथे कोण राहायला येणार आणि त्याची जात कोणती, तो कुठल्या जिल्ह्यातून उतरला, हा तिचा विषय नव्हे. समजा त्याच भूखंडावर सरकारी कर्मचाऱ्यांची निवासस्थानं यायची असती, तर किती अर्ज आले असते? काही आलेच असते, आणि त्यात उद्यानाचा मुद्दा पहिला असता. आत्ताच्या अर्जांत तो तिसरा-चौथा आहे, ‘परिसराचं वातावरण’ हा पहिला.

या लोकांचं शहरात काम काय, असं विचारणाऱ्यांनी माघ-फाल्गुनात एकदा माळावर जाऊन उभं राहावं. कवळं म्हणजे झाडांच्या डहाळ्या तोडायचे आणि शेतात भाजावळ करायचे दिवस. तालुक्यातल्या वाड्यावाड्यांतून माणसं कोयत्या घेऊन घिसाड्याच्या पालाशी येतात. बांबूच्या कमानीवर ताडपत्री, कडांना जांभ्याचे तुकडे दाबलेले, पुढ्यात जमिनीत खणलेली भट्टी. सायकलच्या रिंगेला पट्टा लावून पोरगी पंखा फिरवते, भट्टी फुलते. नवरा सांडशीत लालबुंद पातं धरून बोट-बोट पुढे सरकवतो आणि समोर उभी राहून घण घालते ती बायको. तिचा घाव आणि त्याचं सरकवणं यांत एक इंचाची चूक झाली तर त्याचा हात गेला. मग पात्याला पाणी पाजायचं, मूठ ठोकायची, की कोयती पुन्हा कमरेच्या आकडीला. बाजारात तयार कोयत्या मिळतात, त्याही लोक घेतात, आणि पुढच्या वर्षी धार गेली की याच पालाशी आणतात. पलीकडच्या पालांतल्या बाया पाट्या-वरवंट्याला टाकी लावतात, केसांवर भांडी देतात. पुरुष मिळेल ते काम करतात: गटारं उपसणं, चिरे उतरवणं, आंब्याच्या हंगामात पेट्या चढवणं. हे सगळं काम स्टँडपासून हाकेच्या अंतरावर मिळतं. गिऱ्हाईक एसटीने येतं आणि एसटीने जातं. सड्यावर कोयतीला धार लावून घ्यायला कोण चढून जाणार?

आता हरकतींकडे येतो, कारण त्यातल्या काही खऱ्या आहेत आणि त्या खोट्या ठरवून चालणार नाही.

सगळ्यात वजनदार हरकत उद्यानाची. मार्केटच्या वरच्या कॉलनीत ज्यांनी फ्लॅट घेतले त्यांनी नकाशावरचा हिरवा चौकोन बघून घेतले. कर्ज काढून, मुंबईतली खोली विकून, कुणी निवृत्तीचे पैसे घालून. त्या चौकोनात झाड लागलं नाही, झोपाळा लागला नाही. आज तिथे मासळीचे फुटके क्रेट आणि कुणाच्या तरी घराचा पाडलेला राडारोडा आहे. आणि आता पालिका म्हणते, तोही चौकोन द्या. यांना राग येणार नाही तर काय येईल? पण हा राग ज्याच्यावर निघायला हवा तो सोडून भलत्यावरच निघतोय. उद्यान पालांनी अडवलेलं नाही. पालं सड्यावर गेली म्हणून दुसऱ्या दिवशी तिथे हिरवळ उगवणार नाही. आपल्याकडे आरक्षणं अशीच कुजतात. खासगी जमीन असेल तर दहा वर्षांनी मालक कलम १२७ ची नोटीस देऊन ती सोडवून घेतो, पालिकेची असेल तर ती तशीच पडून राहते, तिसरं कुणी तरी तिच्यावर डोळा ठेवीपर्यंत. भूखंड मोठा आहे. खालचा उताराचा भाग पालांच्या तळाला, वरचा सपाट भाग उद्यानाला, अशी विभागणी फेरबदलाच्याच प्रस्तावात लिहून घेता येते, उद्यानाच्या मुदतीसकट. कॉलनीवाल्यांनी हे मागितलं तर त्यांना पन्नास टक्के उद्यान मिळेल. नुसता विरोध केला तर शंभर टक्के राडारोडा.

दुसरी हरकत पाण्याची. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे दिवसाआड पाणी येतं आणि पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ही कोकणातल्या शहरांची जुनी थट्टा आहे. पण ही माणसं आजही पाणी पितातच ना? स्टँडजवळच्या गळक्या व्हॉल्व्हवर पहाटे हंडे लावून भरतात. त्यांना मीटर लावलेला सार्वजनिक नळ दिला तर वापर मोजला जाईल आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करता येईल. सड्यावर नेलं तर त्यांच्यासाठी टँकर धाडावा लागेल आणि तो भरणार कुठे? आपल्याच टाकीवर.

तिसरी सांडपाण्याची. उघड्यावर बसण्याचा त्रास खरा आहे, तो नाकारणं म्हणजे ढोंग होईल. माळाच्या मागच्या पायवाटेने सकाळी कुणी जाऊन दाखवावं. परंतु शौचालय नसताना उघड्यावर बसणाऱ्याला स्वभावाने घाणेरडा म्हणणारे आम्ही कोण? कोकणातल्या बहुतेक शहरांना आजही भूमिगत गटारं नाहीत. आमच्या इमारतींच्या सेप्टिक टाक्या पावसात ओसंडतात आणि वहाळातून थेट खाडीला मिळतात; आमची घाण पाइपातून जाते म्हणून दिसत नाही, एवढाच काय तो फरक. मार्केटसाठी शौचालय आणि सांडपाण्याची टाकी नाहीतरी बांधावीच लागणार आहे, कोळणींनी ती कित्येक वर्षं मागितली आहे. ती थोडी मोठी बांधली तर तळाचं काम तिच्यातच होतं. सड्यावर वेगळी बांधायची तर रस्ता, वीज, पाणी सगळं नव्याने.

चौथी हरकत मला सगळ्यात हुशारीची वाटते: ‘आज वीस पालं, सोय केलीत तर उद्या साठ.’ यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. सोय झाली की काही कुटुंबं येतील. पण माणूस नळ बघून घाट उतरत नाही, काम बघून उतरतो. नळ नसलेल्या, शौचालय नसलेल्या आपल्या शेजारच्या तालुक्यांच्या गावांतही पालं आहेतच. उलट आखलेल्या तळाला ओटे मोजून असतात, नोंदवही असते, हंगामाची मुदत असते. माळाला यातलं काहीच नसतं. संख्येवर ताबा ठेवायचा असेल तर तळ हवा.

चोरीच्या मुद्द्यावर मात्र मी सवलत देणार नाही. तो मुद्दा आला कुठून, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे वाढवत नेला. माणसाने काय केलं हे न बघता तो कुणाच्या पोटी जन्मला यावर त्याला गुन्हेगार ठरवणारा, हजेरी लावायला लावणारा, तारेच्या कुंपणात कोंडणारा. स्वतंत्र भारतानेसुद्धा तो रद्द करायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडू दिला. कायदा गेला, पण पोलीस ठाण्यातली आणि आपल्या घरातली सवय गेली नाही. त्या सवयीचं टोक १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा होती. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारलं. अफवा मोबाइलवरून आली, पण ‘अशीच माणसं असतात ती’ हे आधीपासून मनात मुरलेलं होतं, म्हणून ती क्षणात पटली. आपल्या हरकतीच्या अर्जात पुराव्याशिवाय ‘चोऱ्या वाढतील’ असं लिहिणाऱ्याने कुणाला मारलेलं नाही, मान्य. पण तेच मुरलेलं तो सरकारी शिक्क्यानिशी नोंदवतोय. चोरी झाली तर तक्रार द्यावी, तपास व्हावा. त्यासाठी ठाणं आहे, नगररचना विभाग नव्हे.

सड्याकडे वळू. शहरातून बघितलं की सडा ओसाड दिसतो, म्हणून तो सगळ्यांना सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात काय आहे? उघडा जांभा. पहार मारली तर टणकन परत येते. पालाचा खुंट ठोकायला माती नाही, शोषखड्डा खणायला तर नाहीच. उन्हाळ्यात सावलीचं एक झाड नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आणि २०२१ च्या मे मध्ये तौक्ते गेलं तेव्हा किनाऱ्यावर चांगल्या पक्क्या घरांचे पत्रे आणि कौलं उडाली. त्या वाऱ्यात सड्यावर ताडपत्री किती वेळ टिकेल? शेजारची चिरेखाण आषाढात काठोकाठ भरते, सरळ कापलेल्या भिंती, पडलेल्याला वर यायला पायरी नाही, आणि तिच्या काठावर आपण पोराबाळांची वस्ती नेतोय. शाळेचं तर बोलायलाच नको. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांनी पाचवीपर्यंतच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. सड्यापासून सगळ्यात जवळची शाळा उतार उतरून त्याच्या कितीतरी पुढे आहे. माळावरची काही मुलं आज स्टँडजवळच्या पालिकेच्या शाळेत बसतात, पट घटत चाललेल्या शाळेला ती हवी आहेत. सड्यावर नेलं की ती मुलं पटावरून गळतात आणि पुढल्या वर्षी आपणच म्हणायला मोकळे, ‘यांना शिकायचंच नसतं.’

आणि सड्यावर कुणी राहत नसलं तरी सड्याखाली वाड्या आहेत. कातळात मुरलेलं पाणी उतारावर झऱ्याने बाहेर येतं आणि त्या झऱ्यांवरच त्या वाड्या शिमग्यापर्यंत, काही तर मे पर्यंत, निभावतात. वर शोषखड्ड्याविना वस्ती बसवली तर पहिली घाण त्यांच्या पाण्यात उतरेल. जागा पालिकेच्या हद्दीबाहेरची, म्हणून पालिकेने तिथे सूचना लावली नाही. आरक्षण बदलायचं नाही, म्हणून कलम ३७ लागू नाही. हरकत आली नाही याचा अर्थ एवढाच. शहराने आपली अडचण एका छोट्या ग्रामपंचायतीच्या माथी मारायची, तीही तिला न विचारता.

अडचणीच्या माणसांना गावकुसाबाहेर काढायची रीत आपल्याकडे जुनीच, त्यामुळे तिला कुणी रीत म्हणत नाही, ‘पर्याय’ म्हणतात. १९८१ च्या जुलैत, भर पावसात, मुंबईतल्या फुटपाथवरच्या माणसांच्या झोपड्या मोडून त्यांना एसटीत घालून शहराबाहेर धाडण्याचा सपाटा सरकारने लावला होता. मुख्यमंत्री होते आपल्याच रायगडचे बॅरिस्टर अंतुले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल १९८५ मध्ये लागला, सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाचा. तो निकाल दोन्ही बाजू अर्धाच सांगतात. न्यायालयाने फुटपाथवर राहण्याचा हक्क दिला नाही. अतिक्रमण काढण्याचा पालिकेचा अधिकार कायम ठेवला. पण त्याचबरोबर सांगितलं की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हटवण्याआधी माणसाला ऐकून घेतलं पाहिजे, ज्यांची १९७६ मध्ये गणना झाली होती त्यांना पर्यायी जागा द्यावी, आणि पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, कुणाला हलवू नये. ती माणसं फुटपाथवर का राहत होती? काम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होतं म्हणून. आमच्या माळावरच्यांचं कारण तसूभरही वेगळं नाही. मग त्यांना एकदा तरी ऐकून घेतलंय का? माझ्या माहितीप्रमाणे हरकतीच्या सुनावणीत माळावरच्या एकालाही बोलावणं नाही. त्यांच्याविषयी सगळे बोलणार, ते सोडून.

‘आम्ही इथले, ते उपरे’ हे कोकणी माणसाने तरी म्हणू नये. गिरणगाव उभं राहिलं ते आपल्या आज्या-पणज्यांच्या जिवावर, आणि तिथे तेच उपरे होते. गावाच्या नावाची एक खोली, पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपायचं, वळकटी भिंतीला, जेवण खानावळीत. १८९६ ला प्लेग आला तेव्हा दाट वस्ती म्हणजे रोग, असा निष्कर्ष निघाला आणि १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने धडाधड चाळी पाडल्या. पाडण्याचा वेग मोठा, बांधण्याचा कमी. बाहेर काढलेली माणसं कुठे गेली? शेजारच्याच चाळीत, आणखी दाटीने. कारण गिरणीचा भोंगा जिथे ऐकू येतो तिथेच त्यांना राहणं भाग होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा तो धडा आमच्या पालिकेने सड्यावर पुन्हा गिरवायचं कारण नाही. सड्यावर नेलेली निम्मी कुटुंबं महिनाभरात स्टँडच्या आसपास परततील, या वेळी गटाराच्या काठाला, दुकानांच्या फळीखाली. मग अतिक्रमण विभाग, मग पुन्हा फोटो.

जवळचंच उदाहरण घ्या. १९९० पासून कोकण रेल्वेचं काम चाललं, १९९८ च्या २६ जानेवारीला मार्ग पूर्ण झाला. ९२ बोगदे, त्यात एकटा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. ते खोदणाऱ्या मजुरांच्या वस्त्या आपल्या गावांच्या शिवेवर वर्षानुवर्षं होत्या. तेव्हा वातावरण कुणाचं बिघडलं? रेल्वे हवी होती, म्हणून माणसं चालली. आज चौपदरीकरणाच्या ठेकेदाराची पत्र्याची शेडं चालतात. घिसाड्याचं पाल तेवढं खुपतं, कारण त्याच्यामागे ठेकेदार नाही.

सड्याच्या बाजूने एक जरा वेगळा युक्तिवाद होतो: भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहेच, वीस कुटुंबांना एक हेक्टर, प्रत्येकी पाच गुंठे आणि २६९ चौरस फुटांचं घर, मग सड्यावर तीच राबवा. योजना चांगली आहे. ज्यांना स्थिर व्हायचंय त्यांना ती मिळालीच पाहिजे, आणि तिथे आडवी येते ती जातीच्या दाखल्याची अट, जो पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्यांकडे बहुधा नसतो. पण ती योजना ग्रामीण वसाहतीची आहे, शेतीवाडीला लागून घर उभं राहावं या हिशेबाची. कातळावर पाच गुंठ्यांत पिकणार काय? आणि जे अजून हंगामापुरते येतात, ज्यांचं घर म्हणण्यासारखं काही सोलापूरकडे किंवा साताऱ्याकडे आहे, त्यांना घर नको, चार-सहा महिने टेकायला ओटा हवाय. दोन वेगळ्या गरजा एका शासन निर्णयात कोंबून हात झटकायचे, असं चाललंय.

पैशाचं म्हणाल तर तो मुद्दा माझ्या बाजूचा आहे. माळ मोकळा होणार म्हणून संकुल होणार आणि संकुलातले गाळे विकले जाणार. ज्या जमिनीच्या मोकळं होण्यातून पैसा येतो त्या पैशातून तळाचा खर्च निघाला पाहिजे: ओटे, दोन नळ, शौचालय, दिवे, भट्ट्यांसाठी कॉलनीपासून लांबच्या कडेला पत्र्याची शेड, कारण ठिणग्यांची भीती खोटी नाही. ही अट विकासकाच्या करारनाम्यात जावी. तळाचा नळ वाहायला लागेपर्यंत माळावर खोदाई सुरू होऊ नये आणि कोणत्याही परिस्थितीत जून ते ऑक्टोबर कुणाला उठवू नये.

सुनावणीत तोंडी म्हणणं मांडता येतं. ज्यांनी रागाच्या भरात ‘वातावरण’ लिहिलंय त्यांना अजून मुद्दे बदलता येतील. उद्यानाची मुदत, शौचालय रोज धुण्याची जबाबदारी, मीटर कुणाच्या नावे, ओट्यांची कमाल संख्या किती, यावर ज्यांना पालिकेशी भांडायचंय त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून मी बसेन. सड्याची शिफारस करणाऱ्या सदस्यांना मात्र इतकंच विचारायचं आहे की सड्याखालच्या वाड्यांत सूचनेचा कागद कोणत्या तारखेला आणि कोणत्या भिंतीवर लावला होता.